काळे स्क्रू

कपाटं भिंतीवर लागली होती आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

लेकीने गॅरेजचं शटर वर केलं, दिवा लावला आणि बाजूला झाली. जावई मोबाईल समोर धरून उभा होता, बहुधा माझा चेहरा टिपायला. मधोमध, कमरेवर हात ठेवून, मेहुणा. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. तो घरं बांधायची ठेकेदारी करतो, म्हणून घरात त्याला सगळे ठेकेदारच म्हणतात. बायको गेल्यानंतर मी पहिल्यांदाच घराबाहेर राहिलो होतो, काही दिवस लेकीकडे, तेही तिने फार हट्ट केला म्हणून. तो हट्ट कशाला होता ते आता कळलं.

"बोला भावोजी, कसं झालंय?" ठेकेदार म्हणाला.

तीन कपाटं एका रांगेत होती. भिंतीला अगदी पाठ टेकून. तेच मला खटकलं, कारण ती अशी पाठ टेकून बसायला नको होती. मी पहिल्या कपाटाचं दार उघडून आत डोकं घातलं. पाठीचा प्लाय पुठ्ठ्यापेक्षा थोडाच जाड. त्यातून आरपार भिंतीत गेलेले काळे स्क्रू. जिप्समच्या छताला मारतात ते.

"पट्ट्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"कसल्या पट्ट्या?"

"पाठीला होत्या त्या. तिरक्या."

ठेकेदाराने लेकीकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "त्या होय. काढल्या. ते सोडा ना आता. कपाटं कशी दिसतात ते सांगा."

"उतरव."

"काय?"

"कपाटं. सगळी उतरव."

जावयाने मोबाईल खिशात ठेवला.

ही कपाटं माझ्या बायकोने केलेली. केलेली म्हणजे करून घेतलेली नव्हेत. लोकांना हे दोनदा सांगावं लागतं आणि दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढतो. प्लाय तिने आणला, मापं तिने घेतली, करवत तिने चालवली. तिचे वडील सुतार होते. त्यांनी हातातलं काम मुलाला शिकवलं, मुलीला नाही. ती उंबऱ्यात बसून बघायची, तेवढंच. पुढे आयुष्यभर एका कचेरीत टायपिंग केलं, निवृत्त झाली आणि दुसऱ्याच आठवड्यात ड्रिल मशीन घेऊन घरी आली. मी विचारलं, "हे काय?" म्हणाली, "मशीन. भोकं पाडतं."

आमच्या गॅरेजमध्ये गाडी कधी नव्हतीच. एक स्कूटर आणि उरलेल्या जागेत पसारा. रंगाचे डबे, पंप, तारांची भेंडोळी, माझ्या हत्यारांच्या पेट्या. ती म्हणायची, या घरात वस्तू ऐसपैस बसतात आणि माणसं त्यांच्यावरून उड्या मारतात. म्हणून भिंतीवरची कपाटं. पहिलं जरा ओबडधोबड झालं, दुसरं बरं झालं, तिसऱ्याच्या वेळी आजारपण लागलं होतं. ती स्टुलावर बसून काम करायची. मी म्हणायचो, पुरे कर. ती म्हणायची, "दमायचंच आहे तर माझ्या कामाने दमू दे, तुमच्या डॉक्टरच्या औषधाने नको." डॉक्टर माझा कधीपासून झाला, हे मात्र तिने सांगितलं नाही.

आता पट्ट्यांचं सांगतो, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरून आहे. जड कपाट भिंतीला टांगायचं तर एक साधी युक्ती आहे. दोन लाकडी पट्ट्या घ्यायच्या. एकीची वरची कड तिरकी कापायची, दुसरीची खालची कड तशीच तिरकी कापायची. पहिली पट्टी भिंतीवर पक्की करायची, दुसरी कपाटाच्या पाठीला, बाजूच्या जाड फळ्यांत धरून. मग कपाट उचलून वरून खाली सोडलं की एक तिरपी कड दुसरीच्या मागे जाऊन बसते. कपाटात जितकं वजन जास्त, तितकं ते भिंतीकडे ओढलं जातं. पातळ पाठीवर काही भार येत नाही. आणि भिंतीवरची पट्टी लांबलचक असल्यामुळे भिंत जिथे मजबूत असेल तिथे बोल्ट मारता येतात. तिने तीन कपाटांना तीन पट्ट्या लावल्या होत्या आणि भिंतीसाठी एक लांब पट्टी कापून ठेवली होती. काम राहिलं होतं ते एकच. ती लांब पट्टी भिंतीला कशाने मारायची?

ते राहिलं, कारण त्यावर आमचं एकमत होत नव्हतं. मी बसच्या वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होतो. मेकॅनिक खिडकीशी येऊन म्हणायचा, "एक बोल्ट द्या." मी विचारायचो, "कशासाठी?" नुसता बोल्ट अशी वस्तू जगात नसते. काय धरायचंय, किती वजन आहे, हलणार की स्थिर राहणार, एवढं कळल्याशिवाय मी खणात हात घालत नसे. पोरं मला पाठीमागे 'कशासाठी' म्हणायची, नंतर तोंडावरही म्हणायला लागली. बायकोला ते नाव भलतंच आवडलं होतं. चहा मागितला तरी ती विचारायची, "कशासाठी?"

तर भिंत. आमच्या गॅरेजची ती भिंत पोकळ सिमेंट ब्लॉकची आहे, दोन्ही टोकांना काँक्रीटचे खांब. माझं म्हणणं, बोल्ट मारायचे ते फक्त खांबांत. अँकर बोल्ट, म्हणजे आवळला की आत फुगून घट्ट बसणारा लोखंडी. तिचं म्हणणं, एवढी लांब पट्टी फक्त दोन टोकांना धरली तर मधे पोट काढेल. मधे ब्लॉकमध्येही बोल्ट हवेत, बटरफ्लायचे. हा बोल्ट भोकातून आत सरकवला की पोकळीत त्याचे पंख छत्रीसारखे उघडतात. मी म्हटलं, ब्लॉकची कवची अंगठ्याएवढी जाड, आवळताना फुटेल. ती म्हणाली, हळू आवळा. मी म्हटलं, हळू आवळलेला बोल्ट बोल्ट नसतो. ती म्हणाली, दांडगाईने आवळलेला नवरा नवरा नसतो. असं चाललं होतं. हॉस्पिटलमध्येसुद्धा चाललं होतं. एकदा नर्सने येऊन विचारलं की तुम्ही कशावरून भांडताय, आणि आम्ही दोघांनी एका दमात सांगितलं, "पट्टी." निकाल लागला नाही. वादातला एक माणूस गेला.

आणि इथे हा बहाद्दर पोकळ ब्लॉकमध्ये प्लास्टिकच्या गिट्ट्या ठोकून, त्यात काळे स्क्रू पिळून मोकळा झाला होता. गिट्टी म्हणजे स्क्रूला धरायला भिंतीत ठोकतात ती प्लास्टिकची नळी. भरीव विटेत ती छान धरते. पोकळ ब्लॉकमध्ये तिचं अर्धं अंग हवेत राहतं. आणि काळा स्क्रू कडक असतो पण ठिसूळ. वजन खाली ओढायला लागलं की तो वाकत नाही, मुंडकं टाकतो.

गिट्टीचं आणि स्क्रूचं हे सगळं मी त्या दुपारी गॅरेजमध्ये उभा राहून सांगितलं. ओरडून सांगितलं म्हणा.

"भावोजी," ठेकेदार म्हणाला, "मी किती घरं उभी केली आहेत?"

"घरं उभी असतात. कपाटं लटकतात."

"सगळीकडे हेच स्क्रू मारतो आम्ही. चालतंय."

"कुठवर चालतंय? तू पैसे घेऊन जाईपर्यंत?"

"मामा, तू मनावर घेऊ नकोस," लेक मधे पडली.

"मनावर कशाला घेऊ? हे बघा." त्याने चपला काढल्या, मधल्या कपाटाच्या तळाला दोन्ही हातांनी धरलं आणि पाय उचलले. ठेकेदार म्हणजे काही पाप्याचं पितर नव्हे. तो चांगला घसघशीत माणूस आहे. तो तिथे लटकला, पोट शर्टाबाहेर, तोंड लाल. "पाहिलं? बोला आता! पाहिलं?"

कपाट हललं नाही. जावई हसला. लेकसुद्धा हसली, मग माझ्याकडे पाहून थांबली.

"आता बोला," ठेकेदार खाली उतरून धापा टाकत म्हणाला.

"तू रोज येऊन लटकणार आहेस का?" मी म्हटलं. "रंगाचे डबे वर्षानुवर्षं लटकणार आहेत. शटर रोज आपटणार आहे. आज टिकलं म्हणजे टिकलं असं नसतं. आणि पट्ट्या कुठे आहेत, ते तू अजून सांगितलं नाहीस."

"तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही." त्याने चपला पायात सरकवल्या. "माणूस आपुलकीने करायला जातो, आणि ही बिदागी."

तो गेला. मला वाटलं विषय संपला, आता कपाटं उतरवायची. पण विषय भलतीकडेच गेला. लेक आणि जावई त्या रात्री माझ्याकडेच राहिले आणि जेवताना मला कळलं की मुद्दा स्क्रूचा नाहीच. मुद्दा मी आहे.

"बाबा," लेक ताटात बघत म्हणाली, "तुम्हाला कोणावर तरी राग काढायचाय, ते समजतं आम्हाला."

"मला स्क्रू काढायचेत."

"तेच ते."

"तेच ते नाही. स्क्रू वेगळा, राग वेगळा."

जावई शिकलेला आहे, शांत आहे, माझ्याशी नेहमी आदराने वागतो. त्या रात्री मात्र मला तो आदरच असह्य झाला. तो म्हणाला, "बाबा, मी वाचलंय याबद्दल. दुःखाचे टप्पे असतात. राग हा त्यातलाच एक टप्पा आहे. अगदी नॉर्मल आहे."

"असं का? आणि काळे स्क्रू कितवा टप्पा?"

तो पाणी प्यायला.

संतापाने मी ताट पुढे सारलं. माणसाची बायको जाते, आणि त्या दिवसापासून त्याचं कुठलंच बोलणं त्या बोलण्यापुरतं राहत नाही. मी म्हटलं डाळीत मीठ कमी आहे, तर लोक एकमेकांकडे बघतात. मी म्हटलं नळ गळतोय, तर कोणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवतं. नळ गळतोय हो! माझ्या हातावर पाणी पडतंय! पण नाही. तुम्ही बरोबर आहात की चूक, हे कोणी तपासतच नाही. सगळे तुम्हाला सांभाळून घेतात. मला सांभाळून घ्यायला नको होतं. कोणीतरी स्टुलावर चढून तो स्क्रू बघायला हवा होता.

सकाळी लेक फोनवर तिच्या आत्याशी बोलत होती. "कपाटांवर राग काढतायत गं. मामाने इतक्या प्रेमाने लावली." मी मुद्दाम खोकलो. ती गॅलरीत गेली.

मी पिशवी घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेलो. दुकानदार मला ओळखतो, बायकोला जास्त ओळखायचा. ती त्याच्या काउंटरवर कोपरं टेकून अर्धा-अर्धा तास उभी राहायची आणि तो तिला सगळ्या खोक्यांची झाकणं उघडून दाखवायचा.

"बोला काका."

"अँकर बोल्ट. लांब, जाड, वॉशरसकट."

"कशाला लावायचेत?"

हा प्रश्न ऐकून मला बरं वाटलं, पण क्षणभरच. कपाटं म्हटल्याबरोबर तो म्हणाला, "मग एवढं कशाला? काळे स्क्रू न्या, गिट्टी न्या. सगळे तेच नेतात."

"सगळे नेतात म्हणून भिंत भरीव होते का?"

"नाही हो, पण चालून जातं."

"तुझ्या दुकानावर पाटी लाव," मी म्हटलं. "'चालून जाईल हार्डवेअर'."

तो हसला. मी हसलो नाही, म्हणून त्याने हसू आवरलं आणि अँकर बोल्ट काढले. मी एकेकाचा नट फिरवून बघितला. दोन परत केले, आटे खराब होते. मग निघता निघता मी म्हटलं, बटरफ्लायचंही एक पाकीट दे. ते मला लागणार नव्हतं. ते घेतलं ते फक्त बायकोचं तोंड बंद करायला, की हे घे, आणलेत तुझे, आता लावून दाखव. अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालत राहिलो. दुसरं काय करणार?

घरी आल्यावर मी कोणाला विचारलं नाही. स्टूल घेतलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि शेवटच्या कपाटाच्या खाली एक जुनं टेबल सरकवलं, त्यावर पेट्या रचल्या, म्हणजे स्क्रू निघाल्यावर कपाट त्यावर उतरेल. पहिला स्क्रू नीट निघाला. दुसराही. तिसऱ्याला मी फिरवतोय फिरवतोय आणि तो जागच्या जागी गरगरतोय. गिट्टीच सुटून आत फिरत होती. मी लेकीला हाक मारली.

"ये. फिरव हा."

तिने फिरवला. "हा निघत का नाहीये?"

"कारण त्याला धरायला मागे काही नाही. ओढ."

तिने दोन बोटांनी ओढलं. स्क्रू, गिट्टी आणि थोडी पांढरी भुकटी तिच्या हातात आली. तिने गिट्टी बोटांत फिरवून बघितली.

"सगळेच असे आहेत?"

"नाही. बाकीचे घट्ट आहेत. पण कपाटाला बाकीचे पुरत नाहीत, सगळे लागतात."

"काल मामा याच्यावर लटकला होता."

"तो मधल्यावर लटकला होता. त्याचं नशीब."

तिने तिथूनच मामाला फोन लावला. काय बोलली ते मी ऐकलं नाही, कारण ती शटरबाहेर जाऊन बोलली. पण परत आली ती बाह्या सरसावून, आणि कपाटाचं दुसरं टोक धरून म्हणाली, "सांगा, केव्हा उचलू?" आम्ही दोघांनी ते खाली घेतलं. मग दुसरं. तिसऱ्याला हात घालतोय तोच ठेकेदार त्याच्या टेम्पोतून उतरला.

तो रागातच आला होता. "उतरवलीत? खरंच उतरवलीत? लाज नाही वाटली माझ्या कामाची अशी..."

लेकीने गिट्टीसकट तो स्क्रू त्याच्या पुढे धरला.

त्याने तो घेतला, बघितला. ठेकेदार मूर्ख नाही. त्याला समजलं. पण समजणं वेगळं आणि तोंडाने कबूल करणं वेगळं. म्हणाला, "एखादा निघतो असा."

"पट्ट्या कुठे आहेत?" मी विचारलं. तिसऱ्यांदा.

"पट्ट्यांचं काय लावलंय तुम्ही!"

"पट्ट्या असत्या तर या स्क्रूंची गरजच नव्हती. त्या का काढल्यास ते सांग. एवढंच सांग."

तो लेकीकडे वळून म्हणाला, "तू जरा आत जा."

"मी कुठेही जाणार नाही," लेक म्हणाली.

"मग ऐक. तुला ऐकायचंच असेल तर ऐक." त्याने टेबलाच्या कडेवर हात टेकला. "कपाटं बघायला आलो, एक उलटं केलं. पट्टीची कड वाकडी. काटकोनाचा गुण्या लावला, बसेना. दुसरं उलटं केलं, तेच. तिसरं, तेच. ताईचा हात शेवटी शेवटी किती थरथरत होता, मी बघितलाय. मी गेलो होतो तेव्हा तिला पेला धरवला नाही, सांडला सगळा. मला वाटलं, तिला सरळ कापता आलं नाही. आणि उद्या कोणी कपाटामागे बघेल, म्हणेल, सुताराची पोर आणि कड बघा. म्हणून काढल्या. कोणाला सांगायचंच नव्हतं मला. तुम्हालाही नाही."

मला काय झालं ते मी नीट सांगू शकत नाही. त्याने हे मायेने केलं होतं, ते मला दिसत होतं, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. शत्रूने केलं असतं तर एक शिवी घालून मोकळा झालो असतो.

"हात थरथरला," मी म्हटलं. "तिन्ही पट्ट्यांवर सारखाच थरथरला? या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच तिरक्या रेषेत थरथरला? असा हात मला दाखव. तुझ्या मिस्त्रींना दे असा थरथरणारा हात!"

"म्हणजे?"

"म्हणजे ती कड तिने तिरकी कापली होती! मुद्दाम! तू विचारायचंस ना! माझ्याकडे फोन होता. लेकीकडे फोन होता. आख्ख्या गावाची घरं बांधणाऱ्या माणसाला एक प्रश्न विचारता आला नाही?"

"बाबांनी कधी अशी पट्टी वापरली नाही," तो हळू म्हणाला. बाबा म्हणजे त्याचे वडील.

"तिला बाबांनी शिकवलं कुठे होतं? ती स्वतः शिकली. तुझ्या डोक्यात एवढंच येतं की बाबांनी केलं नाही म्हणजे ताईचं चुकलं. कुठे आहेत पट्ट्या? फेकल्यास?"

"नाही."

तो टेम्पोकडे गेला आणि सीटच्या मागून सिमेंटच्या रिकाम्या गोणीत गुंडाळलेल्या तीन पट्ट्या घेऊन आला. सुतळीने बांधलेल्या. तिच्या हातचं लाकूड टाकवेना, म्हणून टेम्पोत घेऊन फिरत होता. भिंतीची लांब पट्टी मात्र त्याच्या माणसांनी साइटवर तुकडे करून ट्रकच्या चाकाखाली लावायला वापरली होती. ते ऐकून मी पुन्हा ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

मी दोन पट्ट्या घेतल्या, एक टेबलावर उभी धरली, दुसरी उलटी करून तिच्यावर ठेवली. तिरक्या कडा एकमेकींवर बसल्या. मी त्या दिव्यासमोर धरल्या. मधून उजेड येत नव्हता. ठेकेदार वाकून बघत होता, मग त्याने त्या माझ्या हातातून घेतल्या, उघडल्या, पुन्हा बसवल्या.

"लांब पट्टी पुन्हा कापायला लागेल," तो म्हणाला.

"तूच काप."

त्याने टेम्पोतून जाड सागवानी फळी काढली, मोठी करवत मशीन लावली, आणि तिच्या पट्टीचा तिरपा कोन बघून नवी पट्टी कापली. तिच्या पट्टीला लावून दिव्यासमोर धरली. फटीतून उजेडाची रेघ दिसली.

"हात थरथरला," मी म्हटलं.

"भावोजी, मारू नका टोमणे."

"टोमणा कसला? उजेड तूच बघ."

पुन्हा कापली. पुन्हा उजेड. तिसऱ्या वेळी त्याने मशीन बाजूला ठेवलं आणि रंध्याने कड घासत बसला, गुडघ्यावर, घाम पुसत. ती पट्टी बसली.

तिसरं कपाटही आम्ही खाली घेतलं आणि तिच्या पट्ट्या तिन्ही कपाटांच्या पाठीला परत लावल्या. मग मी खांबांत भोकं पाडली, अँकर बोल्ट घातले, पान्याने आवळले. माझ्या मनासारखं झालं. मग लेक म्हणाली, "आई म्हणायची ना, मधे पोट काढेल?" मी म्हटलं, एवढ्या जाड फळीचं काय पोट निघतंय. ठेकेदाराने फळीच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून अंगाचा भार टाकला. मी फळीवर, खांबाजवळ, पाणसळ धरून होतो. बुडबुडा मधल्या खुणेवरून निघून गेला. सोडल्यावर परत आला. पुन्हा दाबल्यावर पुन्हा गेला.

बरोबर होती ती. कित्येक महिने वाद घातला, नर्सला हसवलं, आणि बरोबर तीच होती. मला त्या फळीचा इतका राग आला, की लाथ मारावीशी वाटली. हरायची मला कधीच लाज वाटली नसती. पण तिच्यासमोर हरायचं होतं. तिने माझ्याकडे भुवया उंचावून बघायचं, आणि मी म्हणायचं की हो बाई, जिंकलीस, आता आठवडाभर ऐकव. हे असं, मेहुण्याच्या ढेरीसमोर हरणं, याला हरणंही म्हणता येत नाही.

"बटरफ्लाय आणावे लागतील," ठेकेदार म्हणाला.

"आहेत," मी म्हटलं आणि पाकीट त्याच्याकडे फेकलं.

ब्लॉकमध्ये भोकं त्याने पाडली. कवची कुठे फुटली नाही. आवळायला मी बसलो, हळू. तिच्या म्हणण्याप्रमाणे हळू, पण शेवटचा अर्धा आटा माझ्या म्हणण्याप्रमाणे. मग फळीवर त्याने पुन्हा भार टाकला. बुडबुडा जागेवरच राहिला.

लेकीने आणि मी पहिलं कपाट उचललं, वर नेलं, भिंतीला लावून खाली सोडलं. पट्टी पट्टीच्या मागे गेली आणि कपाट बसलं. स्वतःहून बसलं, कोणी ढकललं नाही. दुसरंही तसंच.

ठेकेदाराने दुसऱ्या कपाटाच्या तळाला हात लावला, लटकायला नव्हे, नुसता लावला. मग भिंतीकडे तोंड करून तसाच उभा राहिला, खांदे हलत होते. आता लेक माझ्याकडे बघायला लागली, की मी त्याला जवळ घेईन, काहीतरी बोलेन. मला त्याचाही राग आला. तो तिचा भाऊ होता. तिचा हात किती पक्का आहे हे त्याला आधी माहीत हवं होतं. जिवंतपणी माहीत हवं होतं.

"तिसरं राहिलंय," मी म्हटलं. "रडत काय उभा आहेस? उचल."

त्याने नाक बाहीला पुसलं आणि उचललं.